बाईंनी आधी चाखलं

आमदारबाईंची गाडी शाळेत शिरली, तशी खिचडी ढवळणाऱ्या शेवंताची पळी थबकली. तांदळाला कुबट वास होता. पण "बोललीस तर उद्या चुलीपाशी दुसरी," असं शाळेला धान्य पुरवणाऱ्या सोसायटीच्या चेअरमननी बजावलं होतं.

"बाई, श्रीखंड-पुरी आहे बंगल्यावर," चेअरमन उपरण्यासकट वाकले.

बाई थेट चुलीपाशी आल्या. याच शाळेत शिकवताना त्या रोज पोरांआधी खिचडी चाखायच्या. आमदारकीत कोण चाखतंय, असं शेवंता धरून चालली होती.

बाईंनी घास चावला.

"शेवंता, दोन ताटं वाढ. एक मला, एक चेअरमनना. बंगल्यावरचं श्रीखंड इकडं आणा, पोरं खातील."

दुसऱ्याच घासाला चेअरमननी ताट सरकवलं.

"ताटात टाकायचं नाही," स्वतःचा घास गिळत बाई म्हणाल्या.

बाईंकडं बघत शेवंता हात जोडायचंही विसरली.