लोडरचे काटे

"नारळ राहू दे. आधी वजन उचलू दे," अण्णा म्हणाले.

ट्रॅक्टरच्या पुढच्या लोडर बकेटला मी भंगारातल्या लोखंडी चॅनेलचे दोन लांब काटे बसवले होते. गिऱ्हाइकाने ट्रॅक्टर पुढे घेतला. काटे खताच्या गोण्यांच्या लाकडी पॅलेटखाली शिरले, पॅलेट उचलला गेला आणि उजवा काटा बाहेर सरकला. गोण्या कोसळल्या.

"पोरीचं काम!" तो हसला.

मी दोन्ही काट्यांना जोडणारी आडवी पट्टी वेल्ड केली. "आता दोन गोण्या जास्तच ठेवा."

पॅलेट छातीइतका वर गेला. काटे तसूभरही हलले नाहीत.

आमच्या वर्कशॉपमधून नवं अवजार बाहेर पडताना नारळ फोडायचा मान तीस वर्षं अण्णांचाच. आज त्यांनी नारळ माझ्या हातात दिला.

"बाजूला व्हा," ते गिऱ्हाइकाला म्हणाले. "पोरीचं काम आहे. पोरगीच फोडणार."