नव्या मशीनवरचं कुंकू

बटण दाबलं की दाणे दळून फेसाळ कॉफी देणारं महागडं मशीन नागपूरच्या महाल भागातल्या घरी आलं, तेव्हा प्रज्वल आईला म्हणाला, "पहिले पूजा कर. कुंकू तूच लाव."

"मी कशी लावू गा? तुझे बाबा गेल्यापासून मी कुंकवाले हात नाही लावला."

"आता कोण मानते हे?" म्हणत तो बाहेरच्या खोलीत, बाबांच्या हार घातलेल्या फोटोखाली जाऊन बसला.

वंदनाबाईंनी कुंकवात बोट बुडवलं. मशीनचं स्टील आरशासारखं होतं. बोट टेकलं ते नेमकं त्यातल्या त्यांच्याच प्रतिबिंबाच्या कपाळावर.

त्या चरकल्या. पदरानं घाईघाईनं पुसून काढलं. पदर लाल झाला, स्टील लख्ख झालं.

आतल्या बाईच्या कपाळावर कुंकू तसंच होतं.

वंदनाबाईंनी स्वतःचं कपाळ चाचपलं. कोरडं. आतल्या बाईनंही हात उचलला, आणि आपलं कुंकू बोटानं नीट गोल केलं.

"प्रज्वल..." त्या मागे सरकल्या.

बाहेरून त्याचा रोजचाच, निवांत आवाज आला.

"आई, बाबा विचारून राहिले, बिनसाखरेची भेटन काय?"