पाठीचा धडा

ती वैद्यकीय पुस्तकांसाठी शरीररचनेची चित्रं काढायची. पाठीच्या कण्याच्या धड्यासाठी तिने नवऱ्याला आठवडाभर उघड्या पाठीने स्टुलावर बसवलं, आणि तेव्हापासून स्वारीचे पाय काही जमिनीला लागेनात. "डॉक्टर होणारी पोरं आता माझी पाठ बघून शिकणार!" असं तो ऑफिसात, जिन्यात, भेटेल त्याला सांगत सुटला. त्याचा तो आनंद बघून खरं काय ते सांगायला तिची जीभच रेटेना.

पुस्तक छापून आलं, तेव्हा त्याने थोरल्या बहिणीला आणि मेहुण्यांना मुद्दाम जेवायला बोलावलं. सगळ्यांच्या देखत ते पान उघडलं. पानावर शेजारी शेजारी दोन पाठी होत्या. एक ताठ, दोन्ही खांदे एका रेषेत. दुसरी डावीकडे कललेली, मान पुढे आलेली, आणि तिच्याखाली छापलं होतं : 'चुकीचं बसल्यामुळे वाकलेला कणा'.

"बघा," ताठ पाठीवर बोट ठेवून तो म्हणाला, "हा मी!"

ती गॅसवर काहीतरी राहिल्यासारखी लगबगीने उठली.

खिडकीजवळच्या खुर्चीतून त्याचे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे वडील म्हणाले, "अरे, तो मी. तू शेजारचा."