पडद्यावरचा ठिपका

ऐक भावा, तुझी ट्रॉली आत ढकलायच्या आधी एक गोष्ट सांगतो. कॅन्सर जाळणारा मशीनचा किरण गाठीवरच राहतो का, ते कॅमेरा बघतो आणि तो कुठे पडतोय ते बाहेर पडद्यावर ठिपक्याने दाखवतो. एका मावशीला असंच नेताना मी म्हणालो, "आतलं टेबल म्हणजे सासूच. जरा हललं की बोंब!"

"हसवू नकोस मेल्या, गाठ काळजाला खेटून आहे."

आत किरण सुरू झाला आणि तिला तेच आठवून हसू फुटलं. ठिपका काळजावर सरकला. मशीन लगेच थांबवलं. "तुझ्यामुळे काही झालं नाही," डॉक्टर मला म्हणाले. पण मावशी महिन्याभरात गेली.

आता सकाळी रिकाम्या टेबलावर मशीन तपासतात, तेव्हाही पडद्यावर एक ठिपका कुणी हसत असल्यासारखा गदागदा हलतो. म्हणून पाया पडतो भावा, आत कुणी कानाशी हसलं, तर तू हसू नकोस.