पडवळाचा दगड

पडवळ सरळ वाढावं म्हणून वटार गावचा बेसिल प्रत्येकाच्या टोकाला सुतळीच्या दुहेरी गाठीने छोटा दगड बांधायचा. वाकून चालणाऱ्या बायकोला, मार्थाला, म्हणायचा, "तुला पन एक बांधला पायजे, म्हनजे सरळ होशील!"

गेल्या उपवासकाळात बेसिल देवाघरी गेला. यंदा पडवळं लागली, पण मार्थाला त्याची ती दुहेरी गाठ काही जमेना. तरी रोज सकाळी नव्या पडवळाला दगड लटकलेला असायचा.

"आता तरी आराम कर, म्हाताऱ्या!" ती मांडवाकडे बघून हसायची.

काल दुपारी मांडवाखाली खुर्चीतच तिचा डोळा लागला. जाग आली ती मान मागे ओढली गेली म्हणून. तिने चाचपलं. वेणीच्या टोकाला दुहेरी गाठ होती, आणि दगड मुठीतून आत्ताच सुटल्यासारखा उबदार होता.