पट्ट्यावरची जाळी

"चूक झाली म्हणा, पार्बताबाई. एवढंच," अद्वैतशेठ खाटेवर बसून सांगत होता. "आम्हा डायरेक्टर लोकांच्या चुकांसाठी कंपनीचा विमा आहे. मुद्दाम केलं म्हटलंत, की विमावाले हात वर करतात. आणि माझी मिल तर बँकेकडे गहाण. मी भरपाई कुठून देऊ?"

त्याच्या अकोल्याच्या डाळमिलीत पार्बताबाईच्या करिश्माचा उजवा हात यंत्राच्या पट्ट्यात गेला होता. पट्ट्यावरची जाळी यानंच काढायला लावली होती. आता त्याच तोंडानं चूक म्हणत होता, आणि वर पेढ्यांचा पुडा घेऊन आला होता. पोरीला नवा हात बसवायचा होता, नाहीतर पार्बताबाईनं तो पुडा त्याच्या अंगावर भिरकावला असता.

"इचार करतो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अमरावतीहून रविकांत वकील आले. चपला दाराबाहेर काढून खाली सतरंजीवर बसले.

"तुमी त्याचेच काय?"

"त्याचा? थू. त्याच्या मिलीत मी पाणीबी पेलो नाही, मावशी."

हे तिला आवडलं. तिनं चहा टाकला. करिश्माची दुमडलेली बाही दिसली तशी रविकांतांनी मान खाली घातली.

"तो चूक म्हणा म्हणून राह्यला," पार्बताबाई म्हणाली. "नाही तं काहीच भेटत नाही म्हणते."

"अन् तुमी त्याचं आयकता? ज्यानं पोरीचा हात खाल्ला त्याचं?"

यावर करिश्माच बोलली. "माह्यासमोर सांगतलं त्यानं मिस्त्रीले. मिस्त्री म्हणे, जाळी काढली तं कोनाचा तरी हात जाईन. हा म्हणे, गेला तं गेला, माल थांबला नाही पायजे."

"हे फोनमधी बोलशीन, बाई? तुहं बोलनं मी वरपर्यंत नेतो."

ती बोलली. मायही बोलली, "मुद्दामच केलं त्यानं." इतके दिवस तोंडात धरलेली घाण थुंकून टाकल्यासारखं दोघींना वाटलं.

निघताना पार्बताबाईनं मळ्यातली वांगी, मेथी बांधून दिली. "पोरीच्या हाताचं तेवढं पाहा, सायेब." करिश्मानं डाव्या हातानं पिशवी गाडीत ठेवली.

दर्यापूरच्या फाट्यावर रविकांतांनी गाडी बाजूला घेतली आणि ऑफिसात फोन लावला.

"चारुशीला मॅडम, ताजी वांगी आणतोय तुमच्यासाठी. आणि हो, मायलेकी दोघी 'मुद्दाम' म्हणाल्यात, रेकॉर्ड केलंय. आता आपल्या विमा कंपनीला एक पैसाही द्यावा लागणार नाही."