पडद्यावरची तारीख

कैद्यांना गाडीत घालून कोर्टात आणणं बंद झालं आणि तुरुंगात बसल्या जागेवरून त्यांना पडद्यावर दाखवू लागले, त्या दोन हजार तेरा सालची ही गोष्ट.

गोदामातली तांब्याची तार चोरीला गेली त्या रात्री पहाऱ्यावर तो होता, म्हणून तो आत होता. "त्याचं तोंड बघणार नाही," असं म्हणून त्याची आई कित्येक महिने भेटायला गेली नाही. मग त्याच्या बरोबरचा एक जण सुटून आला आणि निरोप देऊन गेला. "मावशी, तो म्हणालाय, आई कोर्टात आली तर केस लढतो. नाहीतर गुन्हा कबूल करतो आणि मोकळा होतो."

म्हणून ती आली. इस्पितळाच्या धुलाईखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढून, हाताला साबणाचा वास तसाच.

पुकारा झाला तशी ती दाराकडे बघू लागली.

"तिकडे नाही मावशी, वर बघा," पट्टेवाला म्हणाला.

भिंतीवरच्या पडद्यात तो बसला होता. गालफडं बसलेली, दाढी वाढलेली. आणि थेट तिच्याकडेच बघत होता. ती बाकावर पुढे सरकली. मग आठवलं, आपण तर रागावलोय. तिनं तोंड फिरवलं आणि खिडकीकडे बघत बसली.

घरीही असंच चालायचं. ती फुगून बसली की तो दारातूनच ओरडायचा, "घरचं कोणी आहे का?" ती गप्प. तो पुन्हा विचारायचा. तिसऱ्यांदा विचारलं की तिला हसू फुटायचं आणि राग कुठल्या कुठे जायचा. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हे दोघांचं ठरलेलंच होतं.

"साहेब," पडद्यातून त्याचा आवाज आला, "घरचं कोणी आलंय का?"

लबाड! मी ढळढळीत समोर बसलेय आणि विचारतोय कसा! तेही भर कोर्टात! तिनं ओठ घट्ट मिटले. हसू दाबता दाबता डोळ्यांत पाणी आलं.

सरकारनं नेमून दिलेल्या वकीलबाईंनी मागच्या बाकांवर नजर फिरवली. त्यांनी त्याच्या आईला कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी न्यायाधीश साहेबांकडे बघून नकारार्थी मान हलवली.

"कोणी नाही," साहेब म्हणाले.

हे मध्येच काय बोलताहेत, तिला कळेना. ती दुसऱ्या हाकेची वाट बघत राहिली.

"मग कबूल आहे साहेब. तार मीच नेली."

ती गर्रकन वळली. "अरे, मी आहे की! इथं आहे!"

पडद्यावर तोवर पुढच्या केसचा दुसराच कोणी माणूस येऊन बसला होता. तो जांभई देत होता.

"कोण आहेत या?" साहेबांनी विचारलं.

"माहीत नाही साहेब," वकीलबाई म्हणाल्या.

पट्टेवाल्यानं तिला हाताला धरून बाहेर नेलं, पाणी दिलं.

"तो माझ्याकडेच बघत होता," ती म्हणाली.

"तिथल्या कॅमेऱ्याकडे बघत होता, मावशी. त्याला नुसते साहेब दिसतात."

"मला तो दिसतो आणि त्याला मी दिसत नाही?"

"हो."

"असं कसं असेल?" तिनं पट्टेवाल्याला विचारलं, मग जिन्यात वकीलबाईंना विचारलं, मग घरी जाताना शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही विचारलं.

वकीलबाईंनी कबुली मागे घ्यायचा अर्ज केला, तो फेटाळला गेला. पुढे त्यांनी फौजदारी कामं सोडली, आता घरांचे करार करून देतात. साहेबांची बदली झाली. पट्टेवाला निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेला. मुलगा दीड वर्षानं सुटला आणि दुसऱ्या गावी ट्रकवर लागला. महिन्यातून एकदा घरी यायचा.

आईचे गुडघे गेले, अंथरूण धरायची वेळ आली, तेव्हा तिनं त्याला एकदाचं सगळं सांगितलं. बाक कुठला, खिडकी कुठली, पट्टेवाला काय म्हणाला. त्यानं ऐकून घेतलं. तिच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं.

"असू दे, आई," तो म्हणाला. "तू आली नव्हतीस, त्याचा मला कधीच राग आला नाही."